धुतलेली पानं

खडीक्रशर सुरू झालं तेव्हा माझे सासरे म्हणाले होते, "जाईल दोन वर्षांत. खडक काय जन्माला पुरतो?" खडक पुरला. आमची रोपंच पुरेनाशी झाली.

आमची रोपवाटिका. नाव मोठं, लक्षण तेवढं नाही. दोन शेडनेट, एक पाण्याची टाकी, एक पत्र्याची खोली आणि राबायला तीन माणसं: मी, माझा नवरा आणि सासरे. टोमॅटो, मिरची, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना विकायची. बी टाकायचं काम माझं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या कप्प्यात बोटाने खळगा, खळग्यात एक बी, वर चिमूटभर भर. दिवसभर उकिडवं बसून कंबरेचा काटा ढिला होतो, पण हाताला सवय असते. बोलता बोलता ट्रे भरून होतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात वारा सारखा क्रशरकडून आमच्याकडे. सकाळी शेडमध्ये जावं तर पानांवर पिठासारखी भुकटी. झारीने पाणी घालावं तर तिचा लेप व्हायचा आणि वाळून पानाला चिकटून बसायचा. पंपाने धुवून काढावं तर रोपं सारखी ओली राहायची आणि मानेपाशी कुजून आडवी पडायची. धुतलं तरी मरण, नाही धुतलं तरी मरण. गिऱ्हाईक यायचं, पान बोटाने पुसून बघायचं आणि "विचार करून सांगतो" म्हणून जायचं. विचार करून सांगायला परत कुणी आलं नाही.

क्रशरचा परवाना त्या उन्हाळ्याअखेर संपणार होता. पुढचा मिळाला की पाच वर्षं. पाच वर्षं आम्ही काही टिकत नव्हतो, हे मला, नवऱ्याला, टाकीवर बसणाऱ्या कावळ्यालासुद्धा कळत होतं. आम्ही हरकतीचा अर्ज दिला. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "पुरावा?" नवऱ्याने फोन पुढे केला. साहेबांनी फोटो बोटाने सरकवत सरकवत पाहिले आणि म्हणाले, "यात तर हिरवंगार दिसतंय हो."

खरंच दिसत होतं. मी घरी येऊन पान आणि फोटो शेजारी धरून बघितलं. पान राखाडी, फोटोत पोपटी.

"फोनला सगळं गोंडस करायची खोड असते," माझा मामा म्हणाला. "तुला कॅमेरा लागेल. आणि तो वापरायची अक्कल."

मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. बसने अर्ध्या तासावरच्या गावात त्याचा फोटो स्टुडिओ. पुढे स्टुडिओ, मागे घर, घराच्या मागच्या खोलीत माझी आई. वडील गेल्यापासून ती तिथेच. मामा तिला कधी वाईट शब्द बोलला नाही. लहानपणी त्याने मला खांद्यावर घेऊन हिंडवलं, माझ्या लग्नाचे फोटो फुकट काढले. त्याच्यावर माझा किती जीव होता हे आज सांगायचीही लाज वाटते.

शेडनेटचं कापड बदलायला आम्ही पैसे बाजूला ठेवले होते. ते घेऊन मी मामाबरोबर कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. विकणाऱ्याने चकाचक खोकं पुढे केलं. नवा कॅमेरा, सोबत दोन लेन्स, वर बॅग फुकट.

"दोन लेन्सना भुलू नकोस," मामा मला बाहेर घेऊन आला. "फुकटची बॅग बघून बायका फसतात."

"आणि पुरुष?"

"पुरुष दोन लेन्स बघून फसतात." आम्ही दोघंही हसलो.

मग त्याने मला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. बोळात, जिन्याखाली, टेबलभर स्क्रू आणि उघडे पडलेले कॅमेरे. तिथे जुना कॅमेरा बघितला. किती फोटो काढून झालेत ते कसं तपासायचं, लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे धागे आहेत का ते कसं बघायचं, बटणं खिळखिळी झालीत का, सगळं त्याने मला माझ्या हाताने करायला लावलं. पहिली लेन्स बुरशीची निघाली, ती त्याने परत केली. "पैसा काचेत घालायचा, डब्यात नाही," म्हणाला. एकच लेन्स घेतली, जवळ-लांब न होणारी. जवळचं हवं असेल तर चालत पुढे जायचं, लांबचं हवं असेल तर मागे. कॅमेरा ठेवायचं तिकाटणं घेऊच दिलं नाही. पिशवीत कोकोपीट भर आणि तिच्यावर कॅमेरा ठेव, हलणार नाही, म्हणाला. आणि खरंच हलला नाही. कापडाच्या पैशातले थोडे उरलेसुद्धा.

हे सगळं मी मुद्दाम सांगतेय. कॅमेरा त्याने मला चांगलाच घेऊन दिला.

दर सोमवारी दुपारी मी कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन त्याच्याकडे जायची. आई चहा आणून ठेवायची आणि दारापाशी स्टुलावर बसायची. मामा कार्ड संगणकात घालायचा आणि आठवड्याचे फोटो एकेक करून फाडून खायचा.

"हे काय? मधोमध एक रोप, बाकी सगळं रिकामं. पासपोर्टचा फोटो काढतेस काय मिरचीचा?"

"मग कुठे ठेवू?"

"फोटो म्हणजे शेत समज. त्याचे उभे तीन वाटे कर, आडवे तीन वाटे कर. जिथे बांधाला बांध मिळतो तिथे रोप ठेव. आणि ही मागे बादली कुणाची?"

"आमचीच."

"बादलीचा फोटो काढायचा होता का?"

"नाही."

"मग ती आत कशी आली? चारही कडा बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. काय आत घ्यायचं ते कुणालाही कळतं गं. काय बाहेर ठेवायचं ते कळलं की फोटो येतो."

मी शिकत गेले. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वेड लागलं. पहाटे ऊन तिरकं असताना पालथी पडून, हनुवटी मातीला टेकवून मी ट्रेच्या ओळी बघायची. त्या डोळ्यांना ओढत कुठे नेतात ते बघायची. दहा वर्षं त्याच ओळींत बसून मी बी टाकलं, पण त्या मी कधी बघितल्याच नव्हत्या. नवरा चिडवायचा, "ट्रे कोण भरणार? कॅमेरा?" पण संध्याकाळी तोच म्हणायचा, "दाखव की, आज काय काढलंस."

दुसऱ्या आठवड्यात मी मामाला धुरळ्याचे फोटो दाखवले. त्याने नाक मुरडलं.

"सगळं राखाडी राखाडीत गेलंय. धूळ फार अवघड विषय आहे. तुला अजून चांगल्याचा चांगला फोटो येत नाही, तर वाईटाचा कसा येणार? आधी हिरवं काढायला शीक. धूळ शेवटी घेऊ." असं म्हणून त्याने ते फोटो पुसले. "कचरा जवळ ठेवू नये. हात बिघडतो."

मला पटलं. का नाही पटणार? गाणं शिकवणारा तरी पहिल्या दिवशी अवघड चीज देतो का? मग दर आठवड्याला नवा धडा. एका आठवड्यात पानावरचा थेंब. एका आठवड्यात ओळी. एका आठवड्यात कोवळा कोंब, मागे काळोख. "पानं धुवून घे," तो म्हणायचा. "तोंड न धुता कुणी फोटोला बसतं का?"

हे माझ्या सासऱ्यांना फार आवडलं. त्यांच्या पिढीत फोटो म्हणजे आयुष्यात तीनदा. पहाटे माझ्या आधी उठून ते पंप घेऊन शेडमध्ये हजर. मी ज्या ट्रेकडे बोट दाखवीन तो ते आंघोळ घातल्यासारखा धुवायचे, जुन्या धोतराच्या तुकड्याने पान न पान टिपायचे आणि बाजूला उभे राहून सांगायचे, "घे आता. नवरी दिसतेय नवरी."

"दादा, तुमचा पाय फोटोत येतोय."

"येऊ दे की. एवढं धुतलं मी, माझा काहीच नको का?"

तो ट्रे दोन दिवसांनी कुजायचा. पण आम्हाला वाटायचं, शिकण्यात एवढं जायचंच.

आमच्या हरकतीवरच्या सुनावणीच्या आठवडाभर आधी मामा म्हणाला, "आता धूळ काढ." मी चार फोटो काढले. तिरक्या उन्हात एकेक कण दिसत होता, अर्ध्या पानावर बोट फिरवल्याची हिरवी रेघ, अर्धं पान मेलेलं. मामा ते बराच वेळ बघत राहिला. "चांगले आलेत," एवढंच म्हणाला. त्या दिवशी त्याने चूक एकही काढली नाही. मी बसमध्ये घरापर्यंत एकटीच हसत होते.

सुनावणीला आम्ही तिघंही गेलो. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कचेरीत लांब टेबल, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, समोर खडीवाला आणि त्याचा कारकून. खडीवाला उठून उभा राहिला, मला "या ताई" म्हणाला आणि सासऱ्यांना खुर्ची सरकवून दिली. क्रशरचा मालक एवढा मऊ का बोलतोय, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

साहेबांनी माझे चार फोटो पाहिले. चष्मा काढून पुन्हा पाहिले. "फोटो बोलका आहे," म्हणाले. नवऱ्याने टेबलाखाली माझा हात दाबला.

मग खडीवाल्याच्या कारकुनाने एक जाड फाईल पुढे केली. "साहेब, याच शेजाऱ्यांच्या रोपवाटिकेचे गेल्या नऊ आठवड्यांतले फोटो. खाली तारखा आहेत. आमच्यामुळे काही नुकसान नाही, हे दिसेल."

साहेबांनी फाईल उघडून टेबलाच्या मधोमध ठेवली. पहिलं पान. मिरचीच्या पानावर एक थेंब, थेंबात उलटं दिसणारं शेडनेट. हातभर मोठा, गुळगुळीत कागदावर छापलेला.

आधी मला अभिमान वाटला. देवाशपथ. एवढा मोठा छापलेला मी तो कधी पाहिला नव्हता. मनात आलं, अगं बाई, किती सुंदर आलाय. मग नजर खालच्या तारखेवर गेली.

दुसरं पान, ओळी. तिसरं पान, कोंब आणि काळोख. साहेब पानं उलटत होते आणि मी माझा एकेक सोमवार बघत होते. सातव्या पानावर कडेला सासऱ्यांचा अंगठा होता. सासरे पुढे वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, हा माझा पाय!"

"म्हणजे हे तुमच्याच शेडमधले फोटो?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"काढले कुणी?"

"मीच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग चार फोटो एका हातात आणि फाईल दुसऱ्या हातात धरली. "नऊ आठवडे हिरवं, आणि सुनावणी जवळ आली की धूळ?"

"साहेब, ती पानं धुतलेली होती."

"कुणी धुतली?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"धुळीची तक्रार तुमची. मग पानं धुवून फोटो कशाला काढले?"

काय सांगणार? "फोटो चांगला यावा म्हणून," मी म्हटलं.

आधी कारकून हसला, मग दाराशी उभा असलेला शिपाई हसला. साहेबांनी हसू दाबलं. खडीवाला तेवढा हसला नाही, त्याने मान खाली घातली. सासरे सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. इस्त्रीच्या सदऱ्यात ते एकदम लहान दिसायला लागले. "मी धुतली हो," ते म्हणाले. "रोज पहाटे. माझ्या हाताने. खोटं नाही." ते आमची बाजू मांडत होते बिचारे.

पुरावा एकमेकांना छेद देणारा, हरकत फेटाळली, परवाना पुढे चालू. साहेबांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मला नाही, स्वतःशीच. सासऱ्यांनी विचारलं, "त्यांच्याकडे आपले फोटो गेले कसे?" कार्ड एकाच माणसाच्या संगणकात जात होतं. "तुम्ही घरी जा," म्हटलं आणि मी दुसरी बस धरली.

मामा स्टुडिओत एका फ्रेमची काच पुसत होता. मला पाहून त्याने फडकं खाली ठेवलं. नाटक केलं नाही, एवढं मात्र खरं.

"बस," म्हणाला.

"बसायला नाही आले. किती दिवस देत होतास?"

"सुरुवातीपासून. स्टुडिओत आता कोण येतं गं? ज्याच्या त्याच्या खिशात फोन. हा खडीवाला वर्षभराचं काम देतो. त्याला आजूबाजूच्या हिरवाईचे फोटो हवे होते. मी स्वतः येऊन काढणार होतो, तेवढ्यात तूच शिकायचं म्हणालीस."

"आणि माझे धुरळ्याचे फोटो पुसलेस ते?"

त्याने फ्रेम टेबलावर सरळ केली.

"पानं धुवायला सांगितलीस. आमच्या म्हाताऱ्याला राबवलंस. रोपं कुजली आमची त्यात. केसाने गळा कापलास मामा."

"मी तुला एक तरी गोष्ट खोटी शिकवली का?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट दुखावल्यासारखा होता. "कॅमेरा वाईट दिला का? आणि ते शेवटचे चार तर मीच काढायला सांगितले. ते बघून मला रात्री झोप लागली नाही. मला वाटलं, एवढे चांगले आलेत, तूच जिंकशील."

"जिंकेन असं वाटलं, तर ती फाईल परत का नाही मागितलीस?"

त्याने पुन्हा फडकं उचललं. "तुझे फोटो चांगले होते म्हणून गेले," काचेकडे बघत म्हणाला. "वाईट असते तर त्याने घेतले असते का?"

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याहून राग याचा आला की त्या शब्दांनी आत कुठेतरी मला बरं वाटलं.

मी तशीच मागच्या खोलीत गेले. आई खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मधलं दार उघडंच होतं, सगळं ऐकलं असणार. मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि लहान मुलीसारखी रडले. "आई, बघ गं काय केलं यानं. तुझ्या भावानं."

तिने माझ्या केसांवर हात ठेवला. हात फिरेना. तिथेच थांबून राहिला.

"आई?"

"खडीवाल्याचा माणूस यायचा फोटो न्यायला," आई म्हणाली. "मंगळवारी. मीच चहा द्यायचे."

मी डोकं वर केलं.

"पहिल्यांदा आला तेव्हा फोटो बघून म्हणाला, काय सुंदर काढलेत, कुणी काढले? मी म्हटलं, माझ्या लेकीनं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं गं मी. कशासाठी नेतोय ते नंतर कळलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात."

"आणि मी दर सोमवारी येत होते. तू समोर स्टुलावर बसत होतीस."

"हो."

"एक शब्द बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू इथं येऊन भांडली असतीस. भांडून तू आपल्या घरी गेली असतीस." तिने घडी घातलेलं पातळ उलगडलं आणि पुन्हा घडी घालायला घेतली. "मी कुठे जाणार होते?"

'माझ्याकडे ये' असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझ्या डोळ्यांसमोर पत्र्याची खोली आली, तीन माणसांनाच न पुरणारी, आणि मी ते म्हटलं नाही. आईनेही वाट बघत माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. तिला माहीत होतं. मी उठले, तोंड धुतलं आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

घरी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. नवरा शेडमध्ये कुजलेले ट्रे उलटे आपटून रिकामे करत होता. सासरे कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, सदरा अजून अंगात तोच. क्रशरचा आवाज चालूच होता. मी पदर खोचला आणि नवऱ्याशेजारी बसून ट्रे रिकामे करायला लागले.

"मामाच ना?" त्याने विचारलं.

"मामाच."

"तोंडावर बोललीस?"

"बोलले."

पाच-सहा ट्रे झाले. मग तो म्हणाला, "आणि आईंना? त्यांना सांगितलंस?"

माझ्या हातातला ट्रे मी आपटला. रोपं मुळासकट बाहेर पडली.

"नाही," मी म्हटलं. "तिला यातलं काहीच माहीत नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला. "उगाच जिवाला लावून घेतील. आणि राहायचंय त्यांना त्याच्याच घरात."

"हो ना," मी म्हटलं आणि पुढचा ट्रे ओढला.